ठिणगीची तार

ज्यांच्या घरीं एके काळीं व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांस एक अनुभव खचित आठवत असेल. गाणें रंगांत आलेलें असावें, इतक्यांत रस्त्यावरून एखादी मोटार जावी, आणि यंत्रांतून तडतड असा आवाज उठावा. मोटार दूर गेली म्हणजे तो मावळे. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईस दूरदर्शनचें केंद्र सुरू झालें, तेव्हां हाच त्रास डोळ्यांसही होऊं लागला. खालून स्कूटर गेली कीं पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा शिडकावा होई.

हा उपद्रव करणारी वस्तु फार तर हातभर लांब आणि करंगळीहूनही बारीक असते. इंजिनांत डिस्ट्रिब्युटरपासून स्पार्क प्लगपर्यंत जाणारी तीच ती तार. जुन्या दोन आसनी स्पोर्ट्स मोटारीच्या या तारा बदलावयाच्या झाल्या म्हणजे दुकानदार तीन-चार प्रकार पुढें टाकतो. आणि त्यांतला कोणता घ्यावा हें, तारेचा इतिहास ठाऊक असल्यावांचून, नीट उमगत नाहीं.

इंजिनांतील वायु पेटवावयाचा कसा, हा प्रश्न मोटारीहूनही जुना आहे. १८६० सालीं लेन्वार या गृहस्थानें पॅरिसमध्यें आपलें गॅसचें इंजिन चालविलें तें रुमकॉर्फच्या कॉइलींतून निघणाऱ्या ठिणगीवर. डाइमलरनें मात्र ठिणगीचा नाद सोडून लाल तापलेल्या नळीनें काम भागविलें; बेंझनें पुन्हां कॉइलच पत्करली. खरा निकाल लागला तो १९०२ सालीं. स्टुटगार्टच्या बॉश कारखान्यांत होनोल्ड नांवाच्या अभियंत्यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याच्या जोडीस स्पार्क प्लग सिद्ध केला, आणि या दोहोंना जोडणारी तार मोटारीचा एक कायमचा अवयव होऊन बसली. पुढें अमेरिकेंत केटरिंगनें बॅटरी, कॉइल व डिस्ट्रिब्युटर यांची जी पद्धत बसविली ती १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत आली, आणि तीच पुढें साठ-पासष्ट वर्षें बहुतेक सर्व मोटारींत नांदली.

आतां गंमत अशी, कीं हर्ट्झनें १८८७-८८ सालीं विद्युत्-लहरी प्रथम उत्पन्न केल्या त्याही अशाच कॉइलच्या ठिणगीनें. म्हणजे रेडिओ व पेट्रोलचें इंजिन हीं एकाच आईचीं लेंकरें. सर ऑलिव्हर लॉज यांच्या चरित्रांत तर हें नातें स्पष्टच दिसतें. १८९४ च्या जूनमध्यें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें हर्ट्झच्या कार्यावर व्याख्यान देऊन त्या लहरींची ओळख लोकांस करून देणारे ते हेच. त्यांचें लिखाण वाचून आपल्या जगदीशचंद्र बसूंनीं कलकत्त्यास स्वतःचे प्रयोग आरंभले. आणि मोटारीच्या ठिणगीची एक पद्धत शोधून तिचें पेटंट घेणारेही तेच. त्यांच्या मुलांनीं ‘लॉज’ या नांवाचे प्लग बाजारांत आणले, व ते पुढें शर्यतींच्या गाड्यांत फार नांवाजले. ज्या घरानें लहरी पकडावयास शिकविलें त्याच घरानें त्या बिघडविणाऱ्या ठिणगीचाही व्यापार केला!

पहिल्या पिढीची तार अगदीं साधी होती. आंत तांब्याच्या बारीक तारांचा पीळ, त्यावर रबराचें जाड कवच, आणि त्यावर सुताची विणलेली जाळी, तिला वार्निश दिलेलें. वऱ्हाडांत कापसावर वाढलेल्या माणसास विजेच्या अंगरख्यालाही सूतच लागावें याचें कौतुक वाटेल. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. या तारेंतून जाणारा प्रवाह अत्यल्प असतो. दाब मात्र दहा ते वीस हजार व्होल्टांचा. म्हणून तांबें थोडें चालतें, कवच मात्र जाड व निर्दोष हवें. हें न कळल्यामुळें आडगांवीं एखादा मिस्त्री घराच्या वायरिंगची जाड तार कापून प्लगला जोडतो. ती तार अकराशें व्होल्टांसाठीं केलेली; तिचें कवच भेदून ठिणगी जवळच्या लोखंडांत उडी घेते, इंजिन ‘मिसिंग’ करूं लागतें, आणि शेजारीं कार्ब्युरेटरमधून पेट्रोल पाझरत असेल तर गाडी पेटावयास वेळ लागत नाहीं. हा प्रकार मीं विनोद म्हणून सांगत नाहीं.

रेडिओ घरोघर पोंचला तसा तारेवर खटला उभा राहिला. ठिणगी उडतांक्षणीं तांब्याच्या तारेंतील वीज झोपाळ्याप्रमाणें मागें-पुढें झोके घेते, आणि तार स्वतःच एक लहानशी एरियल बनून ते झोके आसमंतांत फेंकते. झोपाळा पाण्यांत बुडवून ढकलला तर दुसरा झोका येतच नाहीं. तसें तारेंत विरोध घातला कीं हे झोके जागच्या जागीं विरतात. १९३४ सालीं पॅरिसमध्यें अशा उपद्रवांच्या विचारासाठीं एक आंतरराष्ट्रीय समिति भरली. ब्रिटनमध्यें १९५२ सालीं नव्या मोटारींवर तसे निर्बंध घालण्यांत आले. अमेरिकेंत त्याच दशकांत तांबें काढून टाकून कार्बन माखलेल्या दोऱ्याची तार निघाली. तिचा विरोध दर मीटरला दहा-वीस हजार ओहम असतो. एवढा विरोध घातला तर ठिणगी मरणार नाहीं काय, असा प्रश्न साहजिक येतो. उत्तर हिशेबांत आहे. दहा हजार ओहमांतून एका अँपिअरच्या हजाराव्या भागाचे चाळीस भाग प्रवाह गेला, तर चारशें व्होल्ट खर्ची पडतात. दहा हजारांत चारशें गेले तरी प्लगला फिकीर नाहीं.

जुन्या गाडीचा मालक नेमका या संधिकालांत सांपडतो. १९४५ ते १९४९ पर्यंत निघालेली एम. जी. टी. सी. ही तांब्याच्या युगांतली. १९६२ पासून निघालेली एम. जी. बी. ही निर्बंधांनंतरची. मधल्या काळांतील कित्येक ब्रिटिश गाड्यांच्या लुकास डिस्ट्रिब्युटरच्या टोपींत तार बाजूनें शिरते, आणि टोंकदार स्क्रू कवचांतून घुसून तिला पकडतो. तो स्क्रू तांब्याच्या पिळांत घट्ट रुततो. कार्बनच्या दोऱ्यांत मात्र त्याला धड पकड मिळत नाहीं. नवी महाग तार घालूनही गाडी पूर्वीपेक्षां वाईट चालते, तें पुष्कळदां यामुळें. दोष तारेचा नसतो आणि टोपीचाही नसतो. दोन काळांचा विवाह जमत नाहीं, इतकेंच.

आपल्याकडे या गोंधळांत आणखी एक भर पडली. जनरल मोटर्सनें १९२८ पासून मुंबईस शिवडीला गाड्या जोडल्या. १९५३ च्या सरकारी धोरणानंतर केवळ जोडणी करणाऱ्यांस वाव उरला नाहीं, आणि १९५४ सालीं तो कारखाना बंद झाला. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या फियाट गाड्या, आणि बंगळूरच्या मायको कारखान्याचे प्लग, हाच पुढें दीर्घकाळ सुट्या भागांचा आधार राहिला. विलायती दोन आसनी गाडीस जी तार मिळेल ती लागे. तेव्हां आज एखाद्या जुन्या गाडीवर दिसणारी तार मूळची आहे असें गृहीत धरणें धाडसाचें होय. २०२१ पासून पन्नास वर्षांवरील गाड्यांस ‘व्ही. ए.’ अक्षरांची निराळी नोंदणी मिळते. तिला गाडी मूळ स्वरूपांत राखलेली लागते. त्या नियमाचा रोख सांगाडा, बांधा व इंजिन यांवर आहे, तारेवर नाहीं. म्हणून तारेच्या बाबतींत मालकानें प्रदर्शनापेक्षां रस्त्याचा विचार आधीं करावा असें माझें मत आहे.

रस्त्याचा विचार वाशीम जिल्ह्यांत तर विशेष करावा लागतो. समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. तो कारंजा, मंगरूळपीर, मालेगांव या भागांतून जातो. वैशाखांत जेथें पारा चाळिशीपार जातो, तेथें जुनें इंजिन तास-तासभर एका वेगानें चालविलें म्हणजे बॉनेटखालीं जी भट्टी पेटते ती इंग्लंडांतल्या कारागिरानें स्वप्नांतही पाहिली नव्हती. साधें रबर तेथें तडकतें. ठिणगीभोंवतीं उत्पन्न होणारा ओझोन वायु तें आणखी कुरतडतो. पी. व्ही. सी. मऊ पडतें. सिलिकोन दोनशें अंशांपर्यंत तग धरतें, परंतु फाटावयास हलकें. कडेवर घासलें कीं गेलें.

तेव्हां प्लॅटिनम पॉइंटांची जुनी पद्धत कायम असेल, आणि टोपी स्क्रूची असेल, तर सात मिलिमीटरची तांब्याची तारच घ्यावी. वरून सुती विणीची व आंतून आधुनिक कवचाची अशी तार मिळते. ती डोळ्यांसही शोभते. रेडिओचा उपद्रव टाळण्यासाठीं प्लगच्या टोंकास पांच हजार ओहमांची टोपी बसवावी. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक यंत्र बसविलें असेल तर नुसतें तांबें वर्ज्य. त्या नाजूक यंत्राचा तोल तांब्याच्या झोक्यांनीं जातो. तेथें कार्बनची, किंवा त्याहून बरी म्हणजे बारीक तारेच्या वेटोळ्याची तार घ्यावी, आणि टोपी तिला साजेशी बदलावी. आठ-नऊ मिलिमीटरच्या लाल-पिवळ्या तारा जुन्या टोपीच्या भोंकांत शिरतच नाहींत. त्या कशासाठीं घेतात हें मला कळलेलें नाहीं.

एक-एक तार काढून जुन्या मापाचीच नवी कापावी. सगळ्या एकदम उपटल्या तर १-३-४-२ हा क्रम जुळवितांना संध्याकाळ होते. कार्बनची तार काढतांना टोपी धरावी, तार ओढूं नये; आंतला दोरा तुटला तर बाहेरून दिसत नाहीं. काम झालें म्हणजे रात्रीं दिवे मालवून इंजिन चालू करावें आणि कांहीं वेळ नुसतें पाहात उभें राहावें. कवचांत कोठें छिद्र असेल तर तेथें निळसर प्रकाश लुकलुकतो. पावसाळ्याच्या ओल्या हवेंत तो अधिकच स्पष्ट दिसतो.