दुसरा प्रश्न: एलआयसी, मुंदडा आणि संसदेतला तो एक तास

हेडफोन लावा, व्हॉल्यूम नीट करा, आणि आज माझ्याबरोबर चला १९५७ सालच्या दिल्लीत. आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल: संसदेतला प्रश्नोत्तराचा तास. पण थांबा, स्किप करू नका. या एका तासामुळे स्वतंत्र भारताच्या एका अर्थमंत्र्याला खुर्ची सोडावी लागली होती. आणि पैसे कुणाचे होते माहितीये? आपल्या आजी-आजोबांनी भरलेल्या विम्याच्या हप्त्यांचे.

आधी हा तास चालतो कसा ते बघू. लोकसभेचं कामकाज सुरू झालं की पहिला तास प्रश्नांचा. प्रश्न मुख्यतः दोन प्रकारचे. अतारांकित प्रश्नाला मंत्री लेखी उत्तर देतात, विषय तिथेच मिटतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं, आणि त्यावर खासदार लगेच आणखी प्रश्न विचारू शकतात. यांना म्हणतात पूरक प्रश्न. सगळी गंमत इथेच आहे.

बघा ना, मूळ प्रश्न काही दिवस आधी खात्याकडे गेलेला असतो. अधिकारी उत्तर तयार करतात, फाईल टेबलाटेबलावरून वर सरकते, शब्द न् शब्द तपासला जातो. सभागृहात मंत्री जे वाचतात ते खात्याचं उत्तर असतं. पूरक प्रश्न मात्र जागच्या जागी येतो. त्याचीही तयारी अधिकारी करून देतात, संभाव्य प्रश्नांची टिपणं असतात. पण समोरचा नेमकं काय विचारेल, हे कुणालाच माहीत नसतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला हे लगेच पटतं. डेमो सगळ्यांचाच छान होतो. सिस्टीम खरंच चालते का, हे कळतं कुणीतरी स्क्रिप्टबाहेरचं बटण दाबल्यावर.

हा दुसरा प्रश्न आपल्याला फुकट मिळालेला नाही बरं का. इंग्रजांनी १८९२ च्या कायद्याने विधिमंडळाच्या सदस्यांना प्रश्न विचारायची मुभा दिली, पण पूरक प्रश्नाला परवानगी नव्हती. लोकमान्य टिळक १८९५ साली मुंबई कायदेमंडळात गेले, काही वर्षांनी गोपाळ कृष्ण गोखले गेले, ते याच नियमांखाली. विचारा, उत्तर घ्या आणि खाली बसा. १९०९ च्या सुधारणांनंतर पूरक प्रश्न आला, पण फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्यासाठी. इतर सदस्यांना तो हक्क १९१९ च्या सुधारणांनी मिळाला. म्हणजे 'पुढे काय?' एवढं विचारता यायला पाव शतकाहून जास्त काळ गेला.

आता मूळ गोष्टीकडे येऊ.

१९ जानेवारी १९५६. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, आपल्या रायगडचे. त्या दिवशी सरकारने अध्यादेश काढून आयुर्विम्याचा धंदा ताब्यात घेतला, आणि देशमुखांनी रेडिओवरून देशाला ते सांगितलं. तोपर्यंत देशात दोनशेच्या वर खाजगी विमा संस्था होत्या, काही चांगल्या, काही लोकांचे पैसे बुडवणाऱ्या. १ सप्टेंबर १९५६ ला त्या सगळ्यांची मिळून एलआयसी झाली. तोवर मुंबईच्या प्रश्नावरून देशमुखांनी राजीनामा दिला होता आणि अर्थखातं टी. टी. कृष्णमाचारी यांच्याकडे आलं होतं. लोक त्यांना टीटीके म्हणायचे. हुशार माणूस, स्वतः उद्योगातून आलेला.

जून १९५७. एलआयसीला अजून वर्षही झालेलं नाही. कलकत्त्याचे एक उद्योगपती होते, हरिदास मुंदडा. कंपन्या विकत घेण्यात आणि शेअर बाजारात खेळण्यात तरबेज, पण कर्जात बुडालेले. एलआयसीने त्यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर्स घेतले. त्यात आपल्या भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास होती, कलकत्त्याची जेसप होती. त्या काळचे सव्वा कोटी! आणि गुंतवणुकीचे निर्णय तपासायला एलआयसीची जी समिती होती, तिला न विचारताच हा व्यवहार झाला.

सप्टेंबरमध्ये लोकसभेत पहिल्यांदा यावर प्रश्न आला. अर्थखात्याकडून उत्तर मिळालं, पण चित्र काही स्पष्ट झालं नाही. नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा प्रश्न आला, टीटीकेंवर पूरक प्रश्नांचा मारा झाला. उत्तरं मोजूनमापून. शेवटी १६ डिसेंबरला या विषयावर सभागृहात चर्चा झाली, आणि बोलायला उभे राहिले फिरोज गांधी.

हे कोण, तर रायबरेलीचे खासदार, काँग्रेसचेच. म्हणजे स्वतःच्याच सरकारला जाब विचारत होते. वर पंतप्रधान नेहरूंचे जावई. घरी जेवणाच्या टेबलावर काय वातावरण असेल, तुम्हीच कल्पना करा. पण त्यांनी आरडाओरडा केला नाही, आकडे मांडले. कोणत्या कंपनीचा शेअर व्यवहाराच्या आधी किती होता, अचानक कसा चढला, एलआयसीने किती मोजले. बाजारभावापेक्षा जास्त पैसे का दिले? सरकारकडून खुलासा होता की कलकत्त्याचा बाजार पडत होता, त्याला आधार द्यायचा होता. मग साधा सवाल उरतो: बाजाराला आधार द्यायचा तर सगळे शेअर्स एकाच माणसाचे कसे?

सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग. सुनावणी आपल्या मुंबईत, आणि तीही उघड. इतकी गर्दी झाली की बाहेरच्या लोकांना ऐकू यावं म्हणून लाउडस्पीकर लावावे लागले. लाइव्ह स्ट्रीमिंगच समजा! अर्थसचिव एच. एम. पटेल म्हणाले, मंत्र्यांना माहीत होतं. मंत्री म्हणाले, मी अशी मंजुरी दिलेली नाही. आपल्याकडे प्रॉडक्शनला काही फुटलं की मीटिंगमध्ये जे होतं तेच, फक्त इथे सगळा देश ऐकत होता.

छागलांनी महिन्याभराच्या आत काम उरकलं. फेब्रुवारी १९५८ मधल्या अहवालाचा सूर असा: सचिवाने मंत्र्याच्या नावाने केलेल्या कामाची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही. सरकारला स्वायत्त महामंडळाला काही सांगायचंच असेल तर ते लेखी सांगावं. आणि तिसरी गोष्ट आजच्या विषयाची. मंत्र्यांनी संसदेला लवकरात लवकर विश्वासात घ्यावं, सगळी माहिती समोर ठेवावी. नाहीतर संसदेला ती दुसरीकडून कळते आणि मग जास्त अडचण होते.

टीटीकेंनी राजीनामा दिला. अर्थसंकल्प तोंडावर आलेला, तो त्या वर्षी स्वतः नेहरूंनी मांडला. मुंदडांना पुढे तुरुंगवास झाला. टीटीके काही वर्षांनी मंत्रिमंडळात परतले आणि १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. पटेल तर १९७७ साली स्वतःच अर्थमंत्री झाले. इतिहास असा असतो, सिनेमासारखा शेवट करत नाही.

पण या गोष्टीला एक बॅकएंड आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. खासदाराला सभागृहातल्या बोलण्यासाठी संरक्षण असतं, ते बोलणं छापणाऱ्या पेपरला मात्र तसं नव्हतं. बदनामीचा खटला होऊ शकत होता. ही फट कुणाच्या लक्षात आली? फिरोज गांधींच्याच. त्यांनी खासगी विधेयक आणलं आणि १९५६ साली कायदा झाला: संसदेतल्या कामकाजाचं प्रामाणिक वृत्त देणाऱ्याला संरक्षण. पुढच्याच वर्षी मुंदडा प्रकरण पेपरांत बिनधास्त छापून आलं. आणीबाणीत हा कायदा रद्द झाला, १९७७ नंतर परत आला, आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने ते संरक्षण थेट राज्यघटनेत गेलं.

२०२० च्या पावसाळी अधिवेशनात कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तास झाला नव्हता. लेखी उत्तरं येत होती. तेव्हा बरेच जण म्हणाले, माहिती मिळतेय ना, मग बिघडलं काय? त्याचं उत्तर मला १९५७ मध्ये सापडतं. पहिलं उत्तर तेव्हाही मिळालंच होतं. एलआयसीचं प्रकरण तिथेच थांबलं असतं, तर सव्वा कोटींचं काय झालं हे हप्ते भरणाऱ्याला कधी कळलंच नसतं.

आज संसदेचं कामकाज फोनवर लाइव्ह दिसतं, आणि मंत्र्यांची उत्तरं लोकसभेच्या वेबसाइटवर शोधता येतात. 'माहिती गोळा केली जात आहे' असं मंत्री म्हणाले, तर ते आश्वासन धरलं जातं. ते पाळलं का, हे बघायला १९५३ पासून लोकसभेची वेगळी समिती आहे. म्हणजे तिकीट ओपन राहतं! आपल्यापर्यंत येतात त्या गोंधळाच्या तीस सेकंदांच्या क्लिप्स. पुढच्या अधिवेशनात एखाद्या दिवशी तो तास पूर्ण बघा. पहिलं उत्तर ऐकून घ्या, आणि दुसरा प्रश्न आला की मंत्र्यांच्या हातातल्या कागदाकडे लक्ष ठेवा.

तुमच्या जिल्ह्याच्या खासदाराने काय विचारलंय, ते शोधून मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, विचारत राहा!