शेजघरातला दिवा : कंदिलापासून एलईडीपर्यंत

स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासावर लिहा, असे सेक्रेटरी साहेबांनी सांगितले. सोसायटीचा इतिहास इतर सभासद लिहीत आहेतच. मी ठरवले, आपल्या सगळ्यांच्या घरात असलेल्या पण कोणी कधी विचार न केलेल्या एका गोष्टीचा इतिहास लिहावा. ती गोष्ट म्हणजे बेडरूममधला दिवा.

बेडरूम हा शब्द आपल्याकडे अलीकडचा. जुन्या वाड्यांत शेजघर असे, आणि त्यातला उजेड म्हणजे कोनाड्यातली दिवली किंवा पितळी समई. त्यात एरंडेल किंवा करडईचे तेल. रात्री दिवा विझवला असे आमची आजी कधी म्हणत नसे, दिवा मालवला म्हणायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आले आणि चिमण्या, कंदील आले. माझे बालपण सातारा जिल्ह्यातले. त्यामुळे कंदील म्हटला की आमच्या डोळ्यासमोर कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदीलच येतो. ओगले बंधूंचा काचकारखाना 1916 चा. परदेशी कंदिलांच्या जमान्यात या स्वदेशी कंदिलाने घरोघरी जागा मिळवली.

त्या कंदिलाचे दोन गुण आज मला फार मोठे वाटतात. एक, वात खाली करून उजेड हवा तेवढा कमी करता येई. दुसरा, माणूस जिथे जाईल तिथे दिवा बरोबर जाई. रात्री परसात जायचे तर उशाचा कंदील उचलायचा आणि निघायचे. अंधारात कोणी चाचपडत जात नसे.

मुंबईत मात्र दिवा आधी रस्त्यावर आला. 1865 साली गॅसचे दिवे लागले. 1882 मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. 1905 साली शहरात वीज आणि ट्राम चालवणारी कंपनी स्थापन झाली, तीच पुढे बेस्ट. उपनगरांसाठी 1929 साली बीएसईएस निघाली. नंतर रिलायन्स आणि 2018 पासून अदानी, अशी नावे आपल्या बिलावर बदलत गेली.

1973 साली बँकेत लागलो तेव्हा मी चाळीतल्या एका खोलीत राहत होतो. स्वयंपाक, अभ्यास, पाहुणे आणि झोप, सगळे एकाच बल्बखाली. एकाला वाचायचे असेल तर बाकीचे तोंडावर पांघरूण घेत, नाहीतर वाचणारा गॅलरीत जाई. कंदील माणसाच्या मागे जात होता, आता माणसांना दिव्याप्रमाणे वागावे लागू लागले. वीज आल्याने उजेड वाढला, पण दिवा छताला अडकला तो अडकलाच.

पुढे ट्यूबलाइट आली. अमेरिकेत ती 1938-39 च्या सुमारास बाजारात आली होती. आपल्या मध्यमवर्गीय घरांत ती प्रगतीची खूण ठरली. चाळीस वॉटमध्ये लख्ख पांढरा उजेड! पिवळा बल्ब म्हणजे गरिबी, असे आम्हीही मानू लागलो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हाची बेडरूम आठवून पाहा. एका भिंतीवर ट्यूबचा पॉइंट, मधोमध पंखा, आणि सगळी बटणे दाराजवळच्या बोर्डावर. पलंग समोरच्या भिंतीला. म्हणजे दिवा घालवायचा आणि मग अंधारात पलंगापर्यंत यायचे! मिठागरांच्या गावात स्वतःचे घर झाले याच आनंदात होतो, बटण कुठे आहे हे कोण बघतो?

यावर आपला सर्वांचा उपाय म्हणजे झिरोचा बल्ब. तो झिरो नव्हताच, बारा ते पंधरा वॉट खात असे. जुन्या चकतीच्या मीटरवर एवढा थोडा वापर नीट उमटत नसे, म्हणून तो झिरो. नवे इलेक्ट्रॉनिक मीटर बसले तसा मी बँकेच्या सवयीने हिशोब केला. पंधरा वॉट, रोज आठ तास, म्हणजे वर्षाला सुमारे 44 युनिट. मी तो बल्ब काढून टाकला आणि बचत केली म्हणून सोसायटीत चार जणांना सांगितलेही.

2016 च्या पावसाळ्यात एका रात्री सौ. बाथरूमला जायला उठली, पलंगाच्या कोपऱ्याला अडखळून पडली आणि तिचे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. ती एवढेच म्हणाली, "बिलात वाचवलं ते डॉक्टरला दिलं." माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हापासून मी या विषयात लक्ष घातले. वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. विशीतल्या माणसाच्या मानाने साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जेमतेम एक तृतीयांश उजेड पोहोचतो. आपण म्हातारे झालो, पॉइंट मात्र होते तिथेच राहिले.

दुसरी गोष्ट रंगाची. पांढरा एलईडी हा मुळात निळा दिवा असतो, त्यावर पिवळसर लेप देऊन पांढरा उजेड मिळवतात. निळा एलईडी शक्य करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे नोबेल मिळाले. त्यांच्यामुळेच आज साठ वॉटच्या बल्बचे काम नऊ वॉटमध्ये होते. पण रात्री उशिरापर्यंत निळसर उजेड डोळ्यांत गेला की मेंदूला अजून दिवस आहे असे वाटते आणि झोप लांबते. खोक्यावर 6500 के लिहिलेला दिवा पांढरा-निळसर, 2700 किंवा 3000 के लिहिलेला पिवळसर. बेडरूमला पिवळसरच बरा. म्हणजे आम्ही ज्याला गरिबी समजलो तोच कंदिलाचा रंग झोपेला चांगला निघाला.

सध्या आपल्या इमारतीत बरेच सभासद फ्लॅटचे काम काढत आहेत, वायरिंग बदलत आहेत. फॉल्स सीलिंगमध्ये किती दिवे बसवायचे यावर खूप चर्चा ऐकू येते. माझी विनंती, आधी पलंगाची जागा ठरवा, मग पॉइंट ठरवा. मोठ्या दिव्याला टू-वे स्विच लावून एक बटण दाराशी, एक उशाशी घ्या. दोन्ही बाजूंना वाचायला वेगवेगळे दिवे ठेवा, म्हणजे एकाच्या वाचनाने दुसऱ्याची झोप मोडणार नाही. दिवा असा लावा की आडवे झाल्यावर तो थेट डोळ्यांत येणार नाही. कपाटाजवळ मात्र चांगला उजेड हवा. आणि पलंगापासून बाथरूमच्या वाटेवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक छोटा पिवळसर दिवा ठेवा. अर्ध्या वॉटचा दिवा रोज आठ तास लागला तरी वर्षाला दीड युनिटच जळते. भिंत फोडण्याआधी हे सांगितले तर खर्च थोडा, नंतर सांगितले तर रंगासकट दुप्पट काम.

आमच्या घरी असा दिवा आता रोज रात्री लागतो. मीच लावतो. पूर्वी आजी कंदिलाची वात खाली करून उशाशी ठेवायची, तेच काम.