‘घटका भरली’ ते थ्रेड स्लीप

गडमुडशिंगीतनं आजचा भाग.

पूर्वी लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर बघायचे. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची. २४ मिनिटांत ती भरून बुडाली की घटका भरली. पण ती बुडाली हे बघायला कुणीतरी डोळे लावून बसायलाच लागायचं. त्याचं लक्ष दुसऱ्या कामात गेलं, तर घटका उशिराच कळणार.

थ्रेडच्या स्लीपचंही तसंच. ‘१ मिलिसेकंद थांब’ म्हणजे ‘निदान तेवढा थांब’. बऱ्याच विंडोज मशिनवर घड्याळाचा टिक सेकंदाला ६४ वेळा, म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदांनी यायचा. मधे उठवणार कोण? लिनक्स २.४ मध्ये रिअल-टाइम थ्रेडला २ मिलिसेकंदांपर्यंत थांबवायचं असलं, तर प्रोसेसर स्वतःच वाटीकडे बघत बसायचा. वेळ अचूक, पण बाकीची कामं खोळंबायची. २००७ मध्ये लिनक्स २.६.२१ मध्ये हाय-रेझोल्यूशन टायमर आले. आता टिकची वाट न बघता ठरल्या क्षणी हार्डवेअरच हाक मारतं.

तरीही प्रोसेसर दुसऱ्या कामात असला, तर उशीर होतोच. ऑडिओत एवढ्यानंही आवाज तुटतो. म्हणून थ्रेड नेमका तेवढाच झोपला असं धरून चालू नका. उठल्यावर घड्याळ बघा आणि पुढचा हिशोब त्यावर करा.