टाइपरायटरपासून पदवीपर्यंत

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड-किल्ले आणि ताम्रपट उभे राहतात. आमच्या वाशिमलाही त्यांची वाण नाही. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली इथे सापडलेला विंध्यशक्तीचा ताम्रपट संस्कृत आणि प्राकृत अशा दोन भाषांत आहे. म्हणजे राजाच्या दफ्तरात दोन्ही भाषा जाणणारा माणूस होता. तो हे कुठे शिकला, त्याच्याजवळ कोणाचा दाखला होता, हे ताम्रपट सांगत नाही. मला आज बोलायचे आहे ते अशाच दफ्तरात बसणाऱ्या माणसांच्या अलीकडच्या इतिहासाबद्दल. संगणकाचे शिक्षण आमच्या जिल्ह्यापर्यंत कोणत्या वाटेने आले, आणि ती वाट कुठे अडली?

सुरुवात टाइपरायटरपासून करू. मी बी. ए. झालो तेव्हा, म्हणजे १९९०च्या आसपास, नोकरीचा रस्ता टायपिंग क्लासवरून जायचा. मराठी तीसचे आणि इंग्रजी चाळीसचे प्रमाणपत्र हाती असले की कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करता येई. परीक्षा सरकारी. भाड्याची खोली, आठ-दहा यंत्रे, आणि तासाला बदलणारी मुले-मुली. घराबाहेर पडून काही शिकण्याची मुभा आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी मुलींना पहिल्यांदा मिळाली ती या क्लासमुळे. गोदरेजने १९५५ साली पहिला भारतीय टाइपरायटर बनवला आणि २००९ साली त्याचे उत्पादन थांबवले. त्या चौपन्न वर्षांत या यंत्राने किती घरांची चूल पेटती ठेवली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. जिल्हाधिकारी कार्यालय आले, जिल्हा परिषद आली, आणि या कचेऱ्यांतून टेबलांवर हळूहळू संगणक दिसू लागले. तोवर संगणकाचे क्लास तालुक्याच्या गावीही निघाले होते. केंद्र सरकारची ‘डोएक’ नावाची योजना होती. तिच्यात ‘ओ’, ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ अशा चढत्या पायऱ्या होत्या. २०११ साली या संस्थेचे नाव ‘नायलिट’ झाले. योजना चांगली, पण तिची माहिती आमच्यापर्यंत पोचण्याआधी रंगीत पाट्या पोचल्या. आमच्या नात्यातल्या एका मुलाने वर्षभर पैसे भरून एक ‘डिप्लोमा’ केला. प्रमाणपत्रावर सोनेरी अक्षरे होती. मात्र अर्जासोबत जोडले तेव्हा ते कोणत्याच यादीत बसेना. तो विचारायला गेला तर गाळ्याला कुलूप. शहाण्यासुरत्या माणसांचीही त्या काळात अशी फसगत झाली, कारण कोणता कागद खरा हे सांगणारे गावात कोणी नव्हते.

या गोंधळात २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले आणि पाठोपाठ एमएस-सीआयटी हा शब्द घराघरांत गेला. राज्यभर एकच अभ्यासक्रम, तोही मराठीतून, आणि राज्य तंत्रशिक्षण मंडळाची परीक्षा. सरकारी नोकरीसाठी हे किंवा याच्या तोडीचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा इथल्या मुलांना त्यासाठी अकोला-अमरावती गाठावे लागेना. पांढऱ्या केसांचे गुरुजी आपल्याच विद्यार्थ्याकडून माउस धरायला शिकले. त्यात कमीपणा मानणारे होते, तसेच हौसेने शिकणारेही होते.

भाषेचाही एक प्रश्न होता. पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थेत १९८८ पासून भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम चालले होते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली. पण गावच्या क्लासमध्ये ज्याची-त्याची लिपी वेगळी, कळफलक वेगळा. एका संगणकावर उतरवलेली माझी कविता दुसऱ्यावर उघडली की चौकोन आणि ठिपके दिसायचे. उर्दू शाळेतून आलेल्या मुलांची अडचण याहून मोठी. त्यांच्यासाठी राष्ट्रीय उर्दू परिषदेने देशात ठिकठिकाणी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. त्यात संगणक, हिशेब आणि बहुभाषी छपाईची मांडणी एकत्र शिकवतात. लिपी हातात ठेवून यंत्र शिकता येते, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

इथवर प्रमाणपत्रांची गोष्ट झाली. पदवीची वाट निराळी. १९८३ साली अमरावती विद्यापीठ झाले आणि पुढे त्याच्या महाविद्यालयांतून बी.सी.ए.सारख्या पदव्या आल्या. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. दुकान सांभाळणारा, शेती करणारा, लग्न होऊन आलेली सून, अशांना नोंदणी करून घरी अभ्यास करण्याची सोय त्याने केली. पण तीन वर्षांची पदवी आणि तीन महिन्यांचे प्रमाणपत्र यांच्यामधली पायरी आमच्याकडे रिकामीच राहिली. अमेरिकेत १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी कम्युनिटी कॉलेज सुरू झाले. गावातल्या मुलाने दोन वर्षे तिथेच शिकायचे आणि मग हवे तर विद्यापीठात जायचे, अशी ती रचना. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने बी.व्होक. पदवीला मान्यता दिली. तिच्यात एक वर्षाला पदविका, दोन वर्षांला प्रगत पदविका आणि तीन वर्षांला पदवी मिळते. मध्येच सोडावे लागले तरी केलेले वर्ष फुकट जात नाही. ज्या घरात एका पावसाळ्यावर पुढच्या वर्षाची फी ठरते, तिथे या सवलतीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

२०१८ साली केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तीत वाशिमचे नाव आहे. आकांक्षा आहे हे खरेच. आजही ओळखीचे वडीलधारे विचारतात, “भाई, पोरीला बारावीनंतर कोणता कोर्स लावू?” मी सांगतो, आधी प्रमाणपत्र कोणाचे आहे ते पाहा. सरकारी अर्जात चालते का, त्यावरून पुढच्या वर्गात प्रवेश मिळतो का, हे दोनच प्रश्न विचारा. आयटीआयचा ‘कोपा’ असो, तंत्रनिकेतनाची पदविका असो की बी.सी.ए., पुढे दार उघडणारे असले पाहिजे. आणि पोरगी पुढे शिकायचे म्हणाली तर प्रमाणपत्रावर तिला थांबवू नका.

कारण इतिहास एवढेच सांगतो, की यंत्रे बदलतात आणि कालचा कागद आज चालत नाही. तीसच्या वेगाने टाइपरायटर चालवणारी ज्या मुली पुढे शिकत राहिल्या, त्या संगणकावरही टिकल्या. ज्यांचे शिक्षण त्या एका प्रमाणपत्राशी थांबवले गेले, त्यांचे यंत्र भंगारात गेले तेव्हा त्यांची नोकरीची आशाही गेली. दोघींच्या बुद्धीत फरक नव्हता. फरक पुढच्या पायरीचा होता, आणि ती पायरी बांधणे आपल्या हातात आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)