कातकरी जमीनहक्क (रायगड)

कातकरी किंवा काथोडी ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक. कोलाम व माडिया गोंड या इतर दोन. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात कातकऱ्यांची लोकसंख्या २,८५,३३४ होती. मुख्य वस्ती रायगड, ठाणे व पालघर जिल्ह्यांत. महाड-पोलादपूरकडे ते गावांपासून अलग आदिवासीवाड्यांत राहतात.

खैराच्या गाभ्याच्या चिपा उकळून कात पाडणे हा त्यांचा जुना धंदा. १८७८च्या वन कायद्याने जंगले राखीव झाली, खैरावर कुऱ्हाड चालवणे गुन्हा ठरले आणि कातकरी कोळशाच्या व पुढे विटांच्या भट्ट्यांवर उचल घेऊन राबू लागले. १९४८च्या कूळकायद्याचा लाभ त्यांतील थोड्यांनाच झाला, कारण मजुराची कूळ म्हणून नोंद नसे. कित्येक वाड्या आजही खासगी मालकाच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर आहेत. घर स्वतःचे, पण त्याखालची जमीन दुसऱ्याची, हा या जमातीवरचा सर्वांत मोठा अन्याय आहे.

जुन्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात आदिवासींना डोंगरउतारावर नाचणी-वरीसाठी वनजमीन लावून दिली जाई. तिला दळी म्हणतात. या जमिनी कसणाऱ्यांच्या नावे व्हाव्यात म्हणून सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटना झगडल्या. २००६च्या वन हक्क कायद्याने अशा जुन्या पट्ट्यांचे मालकीत रूपांतर मान्य केले. १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून कसलेली जमीन कमाल ४ हेक्टरपर्यंत मिळते, आदिम जमातींना अधिवासाचा हक्कही आहे आणि वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाब पुरावा म्हणून चालतो. ही तरतूद मोलाची आहे, कारण कातकऱ्याकडे कागद नसतो. कंद, मध, खेकडे कुठे मिळतात याची पिढीजात माहिती असते. रायगड राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत नसल्याने येथील ग्रामसभांना पेसा कायद्याचे (अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्याचे) अधिकार मात्र नाहीत.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ८०हून अधिक माणसे गेली. तळीये हे कातकऱ्यांचे गाव नव्हे. पण डोंगरउतारावरच्या वस्त्या हलवायच्या तर जमीन कोणती, हा प्रश्न तिथून ऐरणीवर आला. जुलै २०२३मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी अशीच गाडली गेली. पुनर्वसनात घर व त्याखालची जागा मिळते. दळीवरचा आणि रानावरचा हक्क मात्र वन हक्काचा स्वतंत्र दावा करूनच मिळवावा लागतो.