खेळाडू आणि गुरू : प्रदीपकुमार बॅनर्जी

गायकाचा गळा साठाव्या वर्षीही साथ देतो, लेखकाची लेखणी सत्तरीतही चालते. परंतु धावणाऱ्या पायांचे राज्य पस्तिशीच्या आसपास संपते. पुढचे आयुष्य आठवणींवर काढायचे, की आपली विद्या दुसऱ्याच्या पायांत उतरवायची, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या खेळाडूपुढे उभा राहतो. भारतीय फुटबॉलमध्ये या प्रश्नाचे भरघोस उत्तर दिले ते प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी.

२३ जून १९३६ रोजी उत्तर बंगालमधील जलपायगुडी येथे त्यांचा जन्म झाला. जमशेदपूरच्या पोलादनगरीत ते वाढले आणि पुढे कलकत्त्यास पूर्व रेल्वेच्या संघात दाखल झाले. त्या शहराच्या फुटबॉलवर तेव्हा मोहन बागान, ईस्ट बंगाल व मोहमेडन स्पोर्टिंग या तीन संघांची सत्ता होती. १९५८ साली रेल्वेने ती मोडून साखळी स्पर्धा जिंकली. या तिघांबाहेरच्या संघाला तसे यश पुन्हा मिळण्यास २०१९ साल उजाडावे लागले. बड्या संघांचे आकर्षण असतानाही प्रदीपकुमारांनी रेल्वेचा संघ सोडला नाही.

१९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियास ४-२ असे नमविले. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने त्या सामन्यात तीन गोल केले. उजव्या बगलेवर खेळणारे प्रदीपकुमार त्याच संघात होते. भारताला चौथे स्थान मिळाले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते कर्णधार झाले आणि फ्रान्सविरुद्धच्या १-१ अशा बरोबरीत भारताचा गोल त्यांचाच होता.

परंतु त्यांच्या जीवनाला वळण देणारा प्रसंग जकार्ता येथे १९६२ साली घडला. इंडोनेशियाने इस्राएल व तैवान यांना आशियाई क्रीडासामन्यांतून वगळले होते. भारतीय क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी त्यास आक्षेप घेतल्याने प्रेक्षक भारतीयांवर बिथरले होते. सलामीच्या सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला ०-२ असे हरविले. संघाचे शिक्षक, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, कर्करोगाने जर्जर झाले होते. तरीही त्यांनी खेळाडूंचा धीर खचू दिला नाही. डोक्याला जखम झालेल्या जर्नेलसिंग या बचावपटूस त्यांनी आघाडीवर आणले. अंतिम सामन्यात समोर पुन्हा कोरियाच होता. पहिला गोल प्रदीपकुमारांनी केला, दुसरा जर्नेलसिंगाने. भारत २-१ असा जिंकला. पुढच्याच वर्षी रहीम निवर्तले. पण माणूस ओळखून त्याला उभे करणे म्हणजे काय, हे त्यांच्या शिष्याने जवळून पाहिले होते.

खेळ थांबल्यावर ज्या संघांचा वेष साखळीत कधी अंगावर चढविला नव्हता, त्यांनाच प्रदीपकुमारांनी घडविले. ईस्ट बंगालचे शिक्षक असताना त्यांच्या संघाने १९७५ च्या शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानचा ५-० असा फडशा पाडला. लगेच पुढच्या वर्षी मोहन बागानने त्यांनाच पाचारण केले! १९७७ साली त्या संघाने शील्ड, दिल्लीचा ड्युरँड चषक व मुंबईचा रोव्हर्स चषक ही तिन्ही पदे पटकाविली आणि ईडन गार्डनवर पेलेच्या कॉसमॉस संघाशी २-२ अशी बरोबरी केली. सामन्यापूर्वी खोलीत ते खेळाडूंशी जे बोलत, त्याला कलकत्तेकर ‘व्होकल टॉनिक’ म्हणत. १३ जुलै १९९७ रोजी सॉल्ट लेक मैदानावर सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर त्यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानला ४-१ असे हरविले, तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते.

मात्र शब्दांच्या सामर्थ्यालाही मर्यादा असते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९८२ च्या दिल्ली आशियाई सामन्यांत भारत उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून ०-१ असा हरला. जकार्त्याचे सुवर्णपदक पुन्हा आले नाही. मधल्या काळात आशियातील इतर देशांनी फुटबॉलची नवी घडी बसविली होती आणि ती उणीव एकट्या गुरूच्या वाणीने भरून निघणारी नव्हती. म्हणूनच की काय, नंतर जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत कोवळ्या मुलांना घडविण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. जिथे बालपण गेले, तिथेच ते पुढच्या पिढीचे शिक्षक झाले.

२० मार्च २०२० रोजी ते कलकत्त्यास निवर्तले. अर्जुन पुरस्काराचे ते पहिले फुटबॉलपटू मानकरी होते. परंतु रहीमांकडून घेतलेले ऋण त्यांनी शिष्यांच्या दोन पिढ्यांत फेडले, हा त्यांचा मान पदकांहून थोर आहे.