खोबरेल तेल आणि मुरुमांची त्वचा

कोकणातील नारळाच्या वाडीपासून मुंबई-पुण्यातील सदनिकेपर्यंत, खोबरेल तेलाची बाटली नाही असे मराठी घर विरळाच. केसांना खोबरेल, थंडीत फुटलेल्या टाचांना खोबरेल, तान्ह्या बाळाच्या मालिशीलाही खोबरेल. असे हे बहुगुणी तेल चेहऱ्यावरील मुरुमांवरही लावावे, हा सल्ला मग ओघानेच येतो. ते नैसर्गिक आहे, जंतुनाशक आहे आणि पिढ्यान् पिढ्या वापरात आहे, अशी तीन कारणे त्यासाठी दिली जातात. त्वचारोगतज्ज्ञ मात्र मुरूम येणाऱ्या चेहऱ्याला हे तेल लावू नये, असेच सहसा सांगतात. या तिन्ही कारणांत तथ्याचा अंश आहे; पण ते तथ्य नेमके कोठवर पोहोचते, हे पाहिले की तज्ज्ञांच्या सल्ल्यामागील शास्त्र उलगडते.

प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. मुरूम चिघळला की खड्डा पडतो आणि तो आयुष्यभर राहू शकतो. भारतीयांच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर मुरूम बरा झाल्यानंतरही काळा डाग महिनोन् महिने टिकतो. घरगुती प्रयोगांत गेलेले महिने हे अनेकदा उपचारांचे वाया गेलेले महिने असतात.

मुरूम कसा तयार होतो?

त्वचेवरील प्रत्येक केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजन गटातील संप्रेरकांमुळे या ग्रंथी अधिक स्निग्ध द्रव स्रवू लागतात. हा द्रव बाहेर येण्याचा मार्ग म्हणजे केसाच्या मुळाची अरुंद नळी. या नळीच्या आतील मृत पेशी एरवी सुट्या होऊन बाहेर पडतात. मुरूमप्रवण त्वचेत त्या एकमेकींना चिकटतात आणि स्निग्ध द्रवाशी मिसळून त्यांचे बूच तयार होते. तोंड बंद राहिले तर पांढरट पुटकुळी दिसते, तिला व्हाइटहेड म्हणतात. तोंड उघडे राहिले तर तेच बूच काळे दिसते, तो ब्लॅकहेड. त्याचा काळेपणा मळाचा नसतो, त्यामुळे चेहरा कितीही घासला तरी तो जात नाही.

बूच बसलेल्या नळीत प्राणवायू कमी आणि स्निग्धता भरपूर, अशी स्थिती असते. ‘क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस’ या जिवाणूला ती मानवते. (२०१६ पूर्वी हाच जिवाणू ‘प्रोपिओनिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस’ या नावाने ओळखला जाई.) त्यातून दाह सुरू होतो आणि लाल, दुखरा, पू भरलेला मुरूम वर येतो. जिवाणूचे काम असे बऱ्याच अंशी नंतरच्या टप्प्यावर असते. आरंभ होतो तो छिद्र बुजण्यापासून. खोबरेल तेलाच्या गुणदोषांचा विचार करताना हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो.

जंतुनाशक गुणाचे सत्य

खोबरेल तेलातील सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त असतात, म्हणूनच ते २४ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते आणि हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवावी लागते. या मेदाम्लांपैकी जवळपास निम्मा वाटा एकट्या लॉरिक आम्लाचा असतो. तेलाच्या जंतुनाशक कीर्तीचे मूळ या आम्लात आहे.

ही कीर्ती निराधार नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २००९ मध्ये लॉरिक आम्लाचा मुरुमांच्या जिवाणूवरील परिणाम तपासला. प्रयोगशाळेत या आम्लाने जिवाणूची वाढ रोखली. त्यासाठी लागलेली मात्रा बेन्झॉइल पेरॉक्साइड या प्रचलित औषधाहूनही बरीच कमी होती. उंदरांच्या कानात जिवाणू टोचून निर्माण केलेली सूजही त्याने उतरली. या संशोधनाचा दाखला पुढे खोबरेल तेलाच्या समर्थनार्थ वारंवार दिला जाऊ लागला.

येथे एक महत्त्वाचा भेद निसटतो. प्रयोगात वापरले होते ते सुटे, शुद्ध लॉरिक आम्ल. तेलात मात्र ते बहुतांशी सुटे नसते. मेदाम्लांचे तीन रेणू ग्लिसरॉलच्या एका रेणूला बांधलेले असतात, त्याला ट्रायग्लिसराइड म्हणतात. चांगल्या, न खवटलेल्या तेलात सुट्या आम्लाचे प्रमाण अत्यल्प असते. तळहातावर घेतलेले तेल म्हणजे लॉरिक आम्लाचे औषध नव्हे. त्या आम्लाबरोबर मायरिस्टिक, पामिटिक आदी इतर मेदाम्ले आणि तेलाचा जाड थरही चेहऱ्यावर येतो. जिवाणूवर थोडाफार परिणाम झाला, असे मानले तरी त्याआधीची पायरी, म्हणजे छिद्र बुजणे, तेलाने सोपी होते.

सशाच्या कानावरील चाचणी

एखादा पदार्थ छिद्रे बुजवतो की नाही, हे जोखण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सशाच्या कानाचा उपयोग केला जाई. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत सौंदर्यप्रसाधनांसाठी रूढ केली. १९७२ मध्ये क्लिगमन आणि मिल्स यांनी प्रसाधनांमुळे उद्भवणाऱ्या मुरुमांचे स्वतंत्र वर्णन केले. पुढे जेम्स फुल्टन यांनी १९८९ मध्ये अनेक घटक पदार्थांना शून्य ते पाच असे गुण देणारी यादी प्रसिद्ध केली. तीत खोबरेल तेलाला चार गुण आहेत, म्हणजे छिद्रे बुजवण्याची शक्यता बरीच अधिक.

या यादीलाही मर्यादा आहेत. सशाच्या कानाची त्वचा माणसाच्या चेहऱ्याहून अधिक संवेदनशील असते. शिवाय २००६ मध्ये ड्रेलॉस आणि डिनार्डो यांनी माणसांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले की, यादीत बदनाम ठरलेला घटक असलेले प्रत्येक तयार प्रसाधन मुरूम आणतेच असे नाही. घटकाचे प्रमाण आणि मिश्रण यांवर बरेच अवलंबून असते. त्यामुळे एखाद्या क्रीममध्ये नारळापासून काढलेला एखादा घटक दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. निव्वळ खोबरेल तेल रात्रभर चेहऱ्यावर ठेवणे ही गोष्ट वेगळी. तेथे प्रमाण शंभर टक्के असते आणि संपर्क सात-आठ तासांचा.

घाण्याचे किंवा ‘व्हर्जिन’ तेल वापरले की हा दोष टळतो, असाही समज आहे. अशा तेलाचा वास आणि त्यातील काही सूक्ष्म घटक वेगळे असतात हे खरे. परंतु मेदाम्लांची घडण जवळपास तीच राहते. छिद्रांच्या दृष्टीने महागडी बाटली आणि साधी बाटली यांत मोठे अंतर नाही.

आधी गुण, मग दोष

‘मला तर फरक पडला’ असे सांगणारे अनेक जण भेटतात. त्यांचा अनुभव खोटा नसतो. तेल लावल्यावर त्वचेतील ओलावा उडून जात नाही, कोरडी सालपटे दबतात, चेहरा मऊ आणि तुकतुकीत दिसतो. मुरुमांच्या औषधांनी कोरड्या पडलेल्या चेहऱ्याला तर पहिल्या काही दिवसांत आरामच वाटतो.

अडचण काळाच्या हिशेबाची आहे. छिद्र बुजण्यास आरंभ झाल्यापासून मुरूम डोळ्यांना दिसेपर्यंत काही आठवडे, कधी दोन महिनेही जातात. तोवर तेलाची सवय जुनी झालेली असते. मग दोष परीक्षेच्या ताणाला, आंब्याला किंवा हवेला दिला जातो आणि तेलाचा वापर उलट वाढतो. कानामागे थोडे तेल लावून दुसऱ्या दिवशी पाहण्याची चाचणीही येथे पुरेशी नाही. तिने लगेच होणारी जळजळ किंवा लाली फार तर कळते, बुजणारी छिद्रे कळत नाहीत.

आणखी एक गल्लत संभवते. कपाळ, छाती आणि पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या आल्या तर त्या मुरुमांच्या नसून ‘मॅलासेझिया’ या बुरशीच्या असू शकतात. ही बुरशी आपल्याला लागणारी मेदाम्ले स्वतः तयार करू शकत नाही, ती त्वचेवरील स्निग्धतेतून घेते. तिला तेल पुरवणे म्हणजे आगीत तेल ओतण्यासारखेच. तिचे औषधही वेगळे असते.

कपाळावरील मुरूम आणि केसांचे तेल

चेहऱ्याला तेलाचे बोटही न लावणाऱ्यांच्या कपाळावर आणि कानशिलांवर मुरूम का येतात, याचे उत्तर अनेकदा केसांत सापडते. १९७० मध्ये प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुषांत केसांना लावण्याच्या पोमेडमुळे येणाऱ्या मुरुमांचे वर्णन केले. केसांच्या रेषेलगत दाटीने आलेल्या बारीक, बंद तोंडाच्या पुटकुळ्या ही त्याची खूण. डोक्याला भरपूर तेल चोपडण्याची सवय असलेल्या आपल्याकडेही हा प्रकार दिसतो. रात्री लावलेले तेल उशीच्या अभ्र्यावर उतरते, तेथून गालांवर. दिवसा घामाबरोबर ते कपाळावर ओघळते.

केसांसाठी खोबरेल तेल उत्तम आहे, याबद्दल मात्र दुमत नसावे. मुंबईतील मॅरिको कंपनीचे संशोधक रेले आणि मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली होती. केसांतील प्रथिनांची हानी लक्षणीयरीत्या कमी करणारे तेल त्यांत खोबरेलच ठरले. त्यातील लॉरिक आम्लाची सरळ, छोटी साखळी केसाच्या आत शिरू शकते, असे कारण त्यांनी दिले. मुरूमप्रवण व्यक्तींनी तेल सोडण्याची गरज नाही, वेळ आणि जागा बदलावी. न्हाण्यापूर्वी तास-दोन तास, मुख्यतः केसांच्या लांबीला तेल लावून नंतर शाम्पूने धुवावे आणि कपाळ लगेच स्वच्छ करावे.

परंपरेचा अर्थ

आजीच्या काळाचा दाखला देताना त्या काळची पूर्ण रीत आठवावी लागेल. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात तेल लावल्यानंतर उटण्याने अंग चोळून, ऊन पाण्याने ते काढून टाकले जाते. केसांचे तेल शिकेकाईने धुतले जाई. तेल लावणे हा त्या रीतीचा अर्धा भाग होता, ते उतरवणे हा उरलेला अर्धा. रात्री चेहऱ्यावर तेल थापून तसेच झोपणे ही रीत परंपरेच्या नावावर खपत असली, तरी तिच्याशी या अभ्यंगाचे साम्य थोडेच आहे.

तेल कोठे उपकारक?

कोरड्या त्वचेसाठी खोबरेल तेलाचा उपयोग अभ्यासांतून दिसून आला आहे. फिलिपिन्समध्ये २००४ मध्ये झालेल्या एका चाचणीत कोरड्या त्वचेवर व्हर्जिन खोबरेल तेल खनिज तेलाइतकेच परिणामकारक ठरले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११७ बालरुग्णांवरील आठ आठवड्यांच्या चाचणीत अ‍ॅटोपिक डर्माटायटिस या इसबाच्या प्रकारात ते खनिज तेलापेक्षा सरस दिसले. हात, पाय, कोपरे, टाचा या जागी मुरूमप्रवण व्यक्तीही ते निःशंक वापरू शकतात. चेहरा, छाती आणि पाठ या तैलग्रंथींनी भरलेल्या जागा मात्र वगळाव्यात.

बाटलीवरील ‘खाद्यतेल’ या शब्दानेही दिशाभूल होऊ नये. लहान बाटलीतील शुद्ध खोबरेल तेल करआकारणीसाठी खाद्यतेल मानावे की केशतेल, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने ते खाद्यतेलच मानले. तो निवाडा कराचा आहे. पोटाला चालणारे तेल चेहऱ्यालाही चालेल, असा त्याचा अर्थ होत नाही.

मग उपाय कोणता?

सौम्य मुरुमांसाठी दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश आणि ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे छिद्रे न बुजवणारे, पातळ मॉइश्चरायझर हा पाया. औषधांत बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणूंवर काम करते, तर अ‍ॅडापलीनसारखी रेटिनॉइड औषधे छिद्रातील बूचच तयार होऊ देत नाहीत. ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरावीत. गरोदर स्त्रियांना रेटिनॉइड वर्ज्य असतात. परिणाम दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. या काळात त्वचा कोरडी पडली म्हणून तेलाकडे वळणे हीच नेहमीची चूक होते. अशा वेळी औषध एक दिवसाआड लावावे का, हे डॉक्टरांना विचारावे.

औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडयुक्त मलम हा तेलापेक्षाही मोठा धोका. चेहरा आधी उजळतो, पुढे त्वचा पातळ होते आणि मुरूम अधिक जोमाने उसळतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांच्या यादीत घातली.

हे लक्षात ठेवा

* चेहऱ्यावर मुरूम येत असतील तर खोबरेल तेल रात्रभर लावून ठेवू नये.
* केसांचे तेल न्हाण्यापूर्वी लावावे. उशीचा अभ्रा वारंवार बदलावा.
* तेल बंद केल्यावर फरक दिसण्यास किमान सहा ते आठ आठवडे द्यावेत.
* मुरूम फोडू नयेत. फोडल्याने डाग आणि खड्डे वाढतात.
* गाठीसारखे, दुखणारे मुरूम असतील, खड्डे पडू लागले असतील किंवा मुलींमध्ये मुरुमांबरोबर पाळी अनियमित असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञांना गाठावे.